हात सोडल्यावर गाडी कुठे जाते

पोफळी सर स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढायचे, मांडीवर ठेवायचे आणि समोरच्या पडद्याकडे बघत बसायचे. भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले त्या दिवशीही त्यांनी हेच केलं. आम्ही मोटार शर्यतीचे व्हिडिओ गेम बनवतो. म्हणजे परदेशातली एक कंपनी बनवते आणि त्यातली कंटाळवाणी कामं आमच्याकडे पाठवते. टेबलाला स्क्रूनं पक्कं केलेलं एक स्टिअरिंग, खाली पेडल, समोर मोठा पडदा. नवीन माणूस त्या खुर्चीत बसला की गाडी भिंतीवर आपटतो, हसतो आणि पुन्हा आपटतो. हे साठी उलटलेले गृहस्थ इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून आले, बसले, पायानं गाडीला वेग दिला आणि हात सोडून स्वस्थ राहिले. आमचे प्रमुख तिवारी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इनको चलाना आता भी है?"

"मुझे आता है," सर मागे न बघता म्हणाले. "गाड़ी को आता है कि नहीं, वो देख रहा हूँ."

सर मागच्या हिवाळ्यात गेले. नेहरू नगरच्या घरी, सकाळी, वर्तमानपत्र उघडं ठेवून. त्यांची आठवण येते असं म्हणणं खरं होणार नाही. आठवण येऊन जाते. हे माझ्याजवळून हलतच नाहीत. गाडीत बसले की माझं लक्ष चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे जातं आणि मी चिडते, कारण ही सवय माझी नाही, त्यांची आहे.

त्यांचं काम काय होतं ते आधी सांगते. गेममधल्या प्रत्येक गाडीची मूळ मांडणी ते ठरवायचे. स्प्रिंग किती कडक, गाडी जमिनीपासून किती वर, चाकं वरून आत झुकलेली की बाहेर, त्यांची तोंडं सरळ समोर की किंचित एकमेकांकडे. खेळणाऱ्याला हे सगळं बदलता येतं. त्यासाठी गेममध्ये एक अख्खं पान असतं, आणि त्या पानावरच्या प्रत्येक शब्दाखाली हिंदीत दोन ओळींचा खुलासा लिहिणं हे माझं काम. माझे खुलासे कुणी वाचत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ते पानच कुणी उघडत नाही. लोक गाडी निवडतात, रंग निवडतात आणि सुटतात. मग जे आधीपासून भरून ठेवलेलं असतं तेच त्यांच्या चाकांना लागतं. आम्ही त्याला डिफॉल्ट म्हणतो. सर म्हणायचे, न मागता मिळालेलं.

"ज्यानं काही ठरवलं नाही, त्याच्यासाठी कोणीतरी ठरवून ठेवलेलं असते, मुग्धा," ते मला म्हणाले होते. "तो कोणीतरी म्हणजे आपण. म्हणून जपून काम करून राहिलो मी."

ही त्यांची भाषा. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, सर इथेच वाढले, नोकरी पीथमपूरच्या एका मोटार कारखान्यात, सस्पेन्शनच्या विभागात. त्यामुळे मराठी अर्धी नागपूरची आणि अर्धी भोपाळची. आमच्या अयोध्या नगरच्या घरी पुण्याची मराठी चालते; माझी आई तर शेजाऱ्यांच्या पोरांचंही व्याकरण सुधारते. सर एकदा गणपतीला आले आणि "वहिनी, मी तर पोट भरून खाऊन राहिलो" म्हणाले तेव्हा आईच्या कपाळावर आठी आली. निघताना मात्र तिनं त्यांच्यासोबत मोदकांचा डबा दिला. ऑफिसात सगळे त्यांना पोफली सर म्हणत. मला राग यायचा. ते म्हणायचे, "ळ नाही जमत बिचाऱ्यांना, जाऊ दे. नाव तर घेऊन राहिले."

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही शिक्षा होती. काम लांबलं तर ऑफिसची गाडी आम्हा दोघांना सोडायला यायची. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसत आणि पहिला प्रश्न ठरलेला, "भैया, नींद पूरी हुई?" मग त्याचं गाव, मुलं, डोळ्यांचा नंबर. ड्रायव्हरनं जांभई दिली तर गाडी थांबवून त्याला खाली उतरवायचे आणि तोंडावर पाणी मारायला लावायचे. स्वतः पापणी मिटायचे नाहीत. मी मागे बसून घड्याळ बघायची आणि मनात त्यांना नावं ठेवायची. एकदा तर मी मोठ्यानं म्हटलंच, "सर, तो रोज चालवतो. तुम्ही त्याला सांभाळायची गरज नाही." त्यांनी मान डोलावली आणि ड्रायव्हरला विचारलं, "रात को कितने बजे सोए थे?"

पहिली भानगड झाली ती खेळ तपासणाऱ्या लोकांकडून. परदेशातल्या कंपनीनं काही माणसं फक्त खेळून चुका शोधायला ठेवलेली असतात. त्यांनी कळवलं की आमच्या मांडणीच्या सगळ्या गाड्या हात सोडला की हळूहळू उजवीकडे जातात. फरहाननं खुर्चीत बसून पाहिलं. फरहान आमच्याकडे रस्ते आणि ट्रॅक बनवतो, जुन्या भोपाळचा, बोलायला मोकळा. तो म्हणाला, "सर, ये तो सारी की सारी सीधे हाथ को भाग री हैं."

सर उठले आणि फळ्यावर रस्त्याचं चित्र काढायला लागले. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता करतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे आपल्याला तो सतत डावीकडे उतरता. हात सोडला तर गाडी डाव्या कडेकडे सरकते. म्हणून चाकांची मांडणी करताना उजव्या आणि डाव्या चाकाच्या झुकण्यात केसभर फरक ठेवायचा, गाडी तेवढीच उजवीकडे ओढेल असा. रस्ता डावीकडे नेतो, चाकं उजवीकडे नेतात, गाडी सरळ राहते. सरांनी शर्यतीच्या सगळ्या गाड्यांना, अगदी विमानासारखा पंख लावलेल्या गाड्यांनासुद्धा, आपल्या उतरत्या रस्त्याची मांडणी दिली होती.

तिवारी हसून हसून खुर्चीत मागे रेलले. "सर, हमारे ट्रैक पे न पानी गिरता है, न बहता है. एकदम चपटा है."

आम्हीही हसलो. मी तर त्यांना आठवडाभर चिडवलं, की सर, तुमच्या गाड्या शर्यत सोडून भाजी आणायला निघतात. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एकेक गाडी उघडून त्यांनी आकडे शून्य केले. फक्त एक गाडी तशीच ठेवली. ती छोटी, पांढरी, चार दारांची, ज्याच्या त्याच्या दारात उभी असते तसली. खेळ सुरू केल्यावर प्रत्येकाला पहिल्यांदा तीच मिळते. पुढच्या गाड्या शर्यती जिंकून मिळवाव्या लागतात.

तिवारींनी ते पकडलं. "सर, सबसे पहले यही गाड़ी मिलती है, और इसी में गड़बड़ है."

"सबसे पहले यही मिलती है," सर म्हणाले, "इसीलिए."

त्या गाडीवरून दोघांचं बरेच दिवस चाललं. तिवारी शून्य करायचे, पुढच्या वेळी बघावं तर फरक पुन्हा हजर. सर नाकारायचे नाहीत, "मीच केलं" म्हणायचे. शेवटी तिवारींनी सांगितलं की खेळ बाजारात जाण्याआधी ही गाडी शून्यावर गेली नाही तर सरांना यायची गरज नाही. सर घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. गाडी तशीच होती.

त्यांच्या हट्टामागचं कारण मला ऑफिसच्या पचमढीच्या सहलीत कळलं. परतताना भर दुपारी आमच्या मिनीबसचा ड्रायव्हर डोळे चोळायला लागला. सरांनी बस एका ढाब्याला लावायला सांगितली आणि त्याला तिथल्या खाटेवर झोपवून टाकलं. सगळे वैतागले. मी तर खाली उतरून सरांशी भांडायलाच गेले. ते खाटेजवळ एका स्टुलावर बसले होते, झोपलेल्या ड्रायव्हरकडे तोंड करून. म्हणाले, "बस जरा. मला काही सांगायचं आहे."

त्यांच्या बायकोचं नाव मीना. शाळेत चित्रकला शिकवायची. गाडी सरांपेक्षा चांगली चालवायची, म्हणून लांबच्या प्रवासात चालवणार ती आणि शेजारी डुलकी काढणार सर, हे ठरलेलं. इंदूर रोड अजून दुपदरी होता तेव्हाची गोष्ट. पीथमपूरहून भोपाळला यायचं होतं. आदल्या दिवशी सरांनी स्वतःची पांढरी गाडी कारखान्यात चाकांचे कोन मोजायच्या मशीनवर घेतली.

"पडद्यावर दोन्ही बाजू अगदी सारख्या," ते म्हणाले. "उजव्या-डाव्यात फरक शून्य. फार सुंदर दिसते ते, मुग्धा. हाताखालच्या पोरांना बोलावून दाखवलं मी. रस्त्याचा उतार मला माहीत नव्हता का? बाकीच्यांच्या गाड्यांना देतच होतो. पण माझी गाडी होती ना. मला ते चित्र बिघडवावंसं वाटलं नाही. आणि मशीनची फरशी सपाट असते."

आष्टा गेल्यावर सरांना झोप लागली. सीहोरच्या अलीकडे, एका पुलियापाशी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी, गाडी डावीकडे रस्ता सोडून खाली गेली आणि कोलांटली. सर दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा मीनाताईंचं सगळं उरकलेलं होतं. जेवणानंतरची वेळ, डोळा लागला असेल, असं सगळ्यांनी सांगितलं. त्यानंतर सर त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत. इंदूरला जायचं तर रेल्वेनं जायचे.

"झोप लागली असेल तिला," सर म्हणाले. "माणसाला लागते झोप. पण झोपलेल्या माणसाची गाडी कुठे जाईल, ते मी ठरवलं होतं."

ड्रायव्हर घोरत होता आणि बसमधून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सर म्हणाले, "एवढी एक गाडी राहू दे माझी. कोणी पोरगं पहिल्यांदा चालवून राहिलं, त्याचा हात सुटला, तर ती डावीकडे जाऊ नये. बस, इतकंच."

मी हे तिवारींना आणि फरहानला सांगितलं. तिवारी वाईट माणूस नव्हे. त्याच सुमारास परदेशातून नवं काम आलं होतं. खेळात सरावासाठी भारतातला एक साधा रस्ता हवा होता. तिवारींनी डोकं लढवलं. रस्ता आपला म्हणजे उतरता असणार. मग पहिली गाडी सरांच्या मांडणीची ठेवली तर तिथे ती सरळच जाईल, आणि परदेशातल्या कंपनीला आपण तसं पटवूही शकू. त्यांनी सरांना विचारलं, कोणता रस्ता बनवायचा. सर म्हणाले, "इंदूर रोड. पुराना वाला. आष्टा के बाद का."

हा रस्ता नको, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण सर इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. फरहानशेजारी खुर्ची लावून बसायचे आणि सांगत राहायचे: कडेचं डांबर कसं तुटलेलं हवं, पळसाची झाडं किती अंतरावर, उतार किती. रस्ता जसजसा पुढे सरकला तसतसं त्यांचं बोलणं कमी झालं. पुलियापाशी पोचल्यावर फरहाननं हात थांबवला.

"सर, इसके पहले मोड़ आएगा ना?"

"नहीं. सीधी सड़क है."

"नहीं सर. मेरी नानी का घर उधर ही है, बचपन से जा रिया हूँ. पुलिया के ऐन पहले सीधे हाथ को मुड़ती थी. चौड़ी करी तब मोड़ निकाल दिया."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या क्षणी आम्हा तिघांच्याही एकच गोष्ट लक्षात आली असावी. सर झोपलेले होते. त्या दुपारी त्यांनी ती जागा पाहिलेलीच नव्हती, आणि एरवीही तिथून जाताना ते डुलकीतच असत. त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत आणि पुढे रस्ताच बदलला. इतकी वर्षं जो सरळ रस्ता ते डोळ्यांसमोर बघत होते, तो त्यांनी मनानंच तयार केला होता.

"बना दो मोड़," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी तो रस्ता चालवून पाहिला. फरहान आणि मी मागे उभे होतो. पहिली गाडी, सरांची मांडणी. आष्टा मागे पडलं, सरांनी हात सोडले. गाडी अगदी सरळ गेली, पळसांच्या रांगेतून, इतकी सरळ की बघत राहावं. मग वळण आलं. रस्ता उजवीकडे वळला आणि गाडी सरळ जात राहिली. डाव्या कडेवरून, पुलियाच्या शेजारून खाली गेली आणि उलटली.

सरांनी फरक शून्य केला. गाडी वळणाच्या थोडी अलीकडे खाली गेली. त्यांनी फरक वाढवला. गाडी समोरून येणाऱ्या ट्रकच्या बाजूला शिरली. थोडा कमी केला, पुन्हा पुलिया. टायर बदलले, स्प्रिंग बदलली, सगळं पुन्हा जागेवर ठेवलं. फरहान हळूच म्हणाला, "सर, बस करो." त्यांनी ऐकलं नाही. दुपार सरली तरी ते आकडे बदलत होते आणि गाडी प्रत्येक वेळी कुठेतरी जाऊन पडत होती.

"नाही," अखेर ते मराठीत म्हणाले. "कोणताच आकडा नाही."

मग त्यांनी स्वतःच्या हातानं पहिल्या गाडीत शून्य भरलं आणि तिवारींना हाक मारून दाखवलं. तिवारी बिचारे घाबरल्यासारखे झाले. तुमचाच फरक राहू द्या म्हणाले. सरांनी शून्यच ठेवलं.

मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "सर, म्हणजे तुमच्या शून्यामुळे काही झालं नव्हतं. तुम्ही काहीही केलं असतं तरी तेच झालं असतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात आभार नव्हते. "मग मी इतकी वर्षं करत काय होतो?" त्यांनी विचारलं.

मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. चूक त्यांची होती तोवर ती दुरुस्त करता येत होती. कारखाना सोडल्यावरही, गेममधल्या खोट्या गाड्यांतसुद्धा, ते रोज थोडी थोडी करत होते. आता मीनाताईंसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांना धीर द्यायला गेले आणि त्यांच्या हातातलं कामच काढून घेतलं.

"जागा माणूस पाहिजे होता शेजारी," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढंच पाहिजे होतं."

त्या दिवसानंतर ते ऑफिसात आले नाहीत. फोनवर बोलायचे, आईची चौकशी करायचे, गाड्यांचा विषय काढायचे नाहीत. हिवाळ्यात गेले. गेम बाजारात आहे. पहिली गाडी सगळ्यांना शून्यावर मिळते, आणि ते पान कुणी उघडत नाही.

पण मला ते आठवतात ते त्यांनी शून्य भरलं त्याच दिवशीच्या संध्याकाळचे. सगळे निघाले होते. मी खाली पोचल्यावर ओढणी वर राहिल्याचं लक्षात आलं म्हणून परत गेले. दिवे लागलेले होते. सरांनी खुर्ची ओढून स्टिअरिंगच्या डावीकडे नेली होती. पडद्यावरचं दृश्यही त्यांनी बदललं होतं. गाडीच्या डाव्या सीटवरून रस्ता दिसत होता आणि उजवीकडे चालवणाऱ्याची जागा रिकामी होती. पेडलवर त्यांनी कसलं तरी वजन ठेवलं होतं. गाडी आपली आपण चालली होती.

वळण दिसलं तसा त्यांनी उजवा हात लांब केला, शेजारच्या माणसासमोरून स्टिअरिंग धरावं तसा, आणि अलगद वळवलं. गाडी वळली. पुलिया खालून निघून गेली.

पुढे फरहाननं काही बनवलंच नव्हतं. पुलियापर्यंतच रस्ता हवा होता. डांबर संपलं, झाडं संपली, आणि नुसती करडी जमीन सुरू झाली, जिला कड नव्हती की उतार नव्हता. एखाद्यानं तिथे खेळ बंद केला असता. सर तसेच राहिले, डावीकडे बसून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर बघत. इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता.

मी दारातच थांबले होते. त्यांनी मान थोडी उजवीकडे, रिकाम्या जागेकडे वळवली.

"सीहोर येईल आता," ते म्हणाले. "तू पड जरा. मी जागा आहे."